शंकरपटाचा निवाडा

पौषाची थंडी पडू लागली, की वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील धानाच्या बांध्या मोकळ्या झालेल्या असतात. नदीच्या पूर्वेस गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, आरमोरी, कुरखेडा; पश्चिमेस चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही. या साऱ्या मुलुखास तेथील लोक झाडीपट्टी म्हणतात. जंगल, तलाव आणि धान या तीन गोष्टींवर या मुलुखाचा संसार उभा आहे. पावसाळ्यात चिखलात आणि हेमंतात खळ्यावर राबलेल्या शेतकऱ्यास या दिवसांत चार घटका विसावा मिळतो. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया सुरू होतात, त्यांत दंडार आणि खडी गंमत रंगते. आणि तेथून थेट होळीपर्यंत या गावी ना त्या गावी शंकरपट भरतो.

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. शंकराचे वाहन नंदी, आणि पट म्हणजे ती धाव जेथे होते ते मैदान. रिकाम्या शेतजमिनीवर सरळ धावपट्टी तयार करतात, तिच्या दोन्ही बाजूंस माणसांच्या भिंती उभ्या राहतात. हलक्या छकडीला जोडी जुंपलेली, छकडीवर धुरकरी बसलेला, आणि समोर झेंडी हाती घेतलेला पंच. झेंडी पडते आणि काही सेकंदांत सारे संपते. पुणे जिल्ह्यातील बैलगाड्यांच्या शर्यतीत गाडा घाटाचा चढ धावतो आणि त्या प्रत्येक धावेस बारी म्हणतात. झाडीपट्टीत घाट नाही. सपाट जमिनीवर दोन जोड्या शेजारी शेजारी सोडावयाच्या आणि कोण पुढे जाते ते डोळ्यांनी पाहावयाचे, ही तेथील रीत. पुढे काही ठिकाणी घड्याळ आले, तरी शेजारच्या जोडीस मागे टाकल्याचा आनंद घड्याळाच्या काट्याने मिळत नाही, असे मानणारे लोक या भागात पुष्कळ आहेत.

हा खेळ कोणा एका राजाने वा संस्थेने सुरू केलेला नाही. ज्या मुलुखात शेतीचे सारे ओझे बैलाच्या खांद्यावर होते, तेथे बैलाचा अभिमान हा शेतकऱ्याचा स्वाभाविक अभिमान होता, आणि त्या अभिमानातून पट जन्मास आला. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया व भंडारा या भागांतील कठाणी जनावरांस आज स्वतंत्र देशी जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळालेली आहे. अंगाने लहान, परंतु धानाच्या चिखलात न थकणारी अशी ही जात. वर्धा बाजूचा गवळाऊ बैल तिच्याहून उंच, हलक्या बांध्याचा आणि चपळ. पटाचा शौकीन शेतकरी अशा बैलांची पारख करण्यात आयुष्य घालवतो. १९८२ साली जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. सरकारी कागदांवर वैनगंगा ही सीमा झाली. पटाने मात्र ती सीमा कधी मानली नाही. ब्रह्मपुरीकडची जोडी नदी ओलांडून वडश्यास जावी आणि कुरखेड्याकडील शौकिनांनी अलीकडच्या पटास यावे, हे पूर्वीप्रमाणेच चालू राहिले.

परंतु पट पाहावयास जाणाऱ्या माणसाने केवळ धावपट्टीकडे पाहिले, तर त्याला अर्धाच पट दिसतो. उरलेला अर्धा पट झाडाखाली, चहाच्या दुकानापुढे आणि रात्री नाटकाच्या मांडवाबाहेर भरलेला असतो. तेथे धाव संपल्यावर वाद सुरू होतो, आणि तो वाद पुढील पटापर्यंत चालतो. या वादाचे विषय बहुधा तीनच. कोणी नियम मोडला, हा पहिला. पुढील वर्षी छकडीवर कोणास बसवावे, हा दुसरा. आणि अमुक घरच्या जोडीकडून एवढी अपेक्षा होती, ती का फळास आली नाही, हा तिसरा.

नियमभंगाचा वाद सर्वांत जुना. झेंडी पडण्यापूर्वीच एक जोडी निघाली की काय. धावता धावता एका जोडीने दुसरीच्या पट्ट्यात तोंड घातले की काय. शेवटच्या रेषेवर कोणाचे शिंग पुढे होते. या प्रश्नांची उत्तरे जितके प्रेक्षक तितकी असतात. परंतु या सर्वांहून बिकट प्रश्न तुतारीचा. इतर महाराष्ट्रात तुतारी म्हटली की फुंकण्याचे वाद्य डोळ्यांपुढे येते. विदर्भातील शेतकऱ्याची तुतारी म्हणजे टोकास लोखंडी आर बसविलेली, बैल हाकण्याची काठी. ही आर बैलाच्या पुठ्ठ्यास लागली, की तो उसळून धावतो. शेपूट पिरगाळण्याचा उपायही तसाच जुना. पूर्वी पुष्कळ पटांत याला कोणी गुन्हा मानत नसे. तुतारी कोठे आणि केव्हा लावावी, याचे ज्ञान म्हणजे धुरकऱ्याचे कसब, अशी समजूत होती. प्रतिपक्षाने ती फार लावली तर तो नियमभंग, आणि आपल्या धुरकऱ्याने लावली तर ती हुशारी, हा न्याय जगातील सर्व प्रेक्षकांप्रमाणे झाडीपट्टीतील प्रेक्षकांनीही पाळला. पुढे जे घडले त्याचे बीज याच समजुतीत होते.

दुसरा वाद धुरकऱ्याचा. जोडी धनी पाळतो, तिला खुराक देतो, तिची मालिश करतो. परंतु पटाच्या दिवशी तिचे नशीब धुरकऱ्याच्या हाती असते. दोन बैलांचा वेग सारखा नसतो. उजवा पुढे ओढू लागला तर डाव्यास कसे सावरावे, गर्दीच्या गलक्याने बुजलेल्या जनावरास आवाजाने कसे शांत करावे, हे शिकवून येत नाही. म्हणून नावाजलेल्या धुरकऱ्यास दुसऱ्या गावचे धनीही बोलावणे पाठवतात. तो आला तर आनंद, आणि गेल्या वर्षी आपल्या जोडीवर बसलेला माणूस यंदा प्रतिस्पर्ध्याच्या छकडीवर दिसला तर गावभर कुजबुज. गावचा मुलगा धुरेवर बसवावा की बाहेरचा तरबेज माणूस आणावा, यावर एकाच घरात बाप-लेकांचे मतभेद होतात. हरलेल्या जोडीचा दोष बैलावर कधीच येत नाही. तो धुरकऱ्यावर येतो, आणि धुरकरी आणणाऱ्यावर येतो.

तिसरा वाद अपेक्षेचा. एखाद्या घराण्याची जोडी आजोबांच्या काळापासून पट मारीत आलेली असते. त्या घरच्या नव्या खोंडास पहिल्या दिवसापासून आजोबांच्या बैलाच्या तराजूत तोलले जाते. धन्याने अंगावरचे कर्ज न फेडता जोडी विकत घेतली, तर त्यास वेडा म्हणणारे लोकच पटाच्या दिवशी त्याच्या जोडीच्या नावाने आरोळ्या ठोकतात. जिंकले तर मान गावाचा. हरले तर नुकसान मात्र एकट्या धन्याचे.

या वादांत झाडीपट्टीचे असे वेगळे काही नाही, हे इतिहास चाळणाऱ्याच्या सहज ध्यानात येते. प्राचीन रोममध्ये रथांच्या शर्यतींचे तांबडा, पांढरा, निळा व हिरवा असे चार पक्ष होते. दुसऱ्या शतकातील डायोक्लीज नावाचा सारथी प्रथम पांढऱ्या पक्षाकडून धावला, मग हिरव्याकडे गेला आणि शेवटी तांबड्याकडे स्थिरावला. त्याने १,४६२ शर्यती जिंकल्याचे शिलालेखात नमूद आहे. चांगला सारथी कोणी पळवला, हा रोमन नागरिकाच्या जिव्हाळ्याचा प्रश्न होता. पुढे कॉन्स्टँटिनोपल शहरात निळ्या व हिरव्या पक्षांचा अभिमान इतका वाढला, की ५३२ साली त्यातून दंगल उसळली, शहर जळाले आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. प्रेक्षकांचा पक्षाभिमान कोणत्या थरास जाऊ शकतो, याचे हे टोकाचे उदाहरण होय.

परंतु शंकरपटाच्या कथेशी अधिक जुळणारे उदाहरण अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचे आहे. हा फुटबॉल कलकत्त्यात किंवा कोल्हापुरात खेळतात तो नव्हे. यात चेंडू हातांत घेऊन धावावयाचे आणि धावणाऱ्यास अंगावर पडून अडवावयाचे. १९०५ सालच्या हंगामात या खेळात अठराच्या आसपास खेळाडू दगावले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतः या खेळाचे चाहते. त्यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरात हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींस बोलावून खेळ स्वच्छ करण्याविषयी बजावले. त्याच वर्षी हार्वर्डने बिल रीड या आपल्या तरुण माजी विद्यार्थ्यास प्रशिक्षक नेमले होते. त्याचे वार्षिक वेतन ७,००० डॉलर, म्हणजे विद्यापीठातील कोणत्याही प्राध्यापकाहून अधिक ठरले. अपेक्षा एकच होती : येलला हरवावे. ती फळास आली नाही. येलने सामना ६–० असा जिंकला, आणि त्यातच चेंडू झेलण्याच्या तयारीत असलेल्या हार्वर्डच्या एका खेळाडूच्या तोंडावर आघात झाला असता पंचाने दंड केला नाही, म्हणून मोठा गदारोळ उठला.

नियमभंग, प्रशिक्षकाची नेमणूक आणि न फळलेली अपेक्षा हे तिन्ही वाद एकाच हंगामात येथे एकत्र आले. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांस हा खेळच नकोसा होता. कोलंबिया विद्यापीठाने तर तो बंदच केला. तेव्हा खेळाच्या चाहत्यांपुढे दोन मार्ग उरले : जुना खेळ जसाच्या तसा हवा म्हणून हट्ट धरावयाचा, की नियम बदलून खेळ वाचवावयाचा. त्यांनी दुसरा मार्ग धरला, आणि येलला हरवण्यासाठी आणलेला रीड हाच नियम बदलणाऱ्यांत पुढे राहिला. १९०६ साली चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली. पाच यार्डांच्या ऐवजी दहा यार्ड पुढे सरकण्याची अट आली, म्हणजे माणसांचे ढीग एकमेकांवर लोटून इंचाइंचाने पुढे जाण्याचा फायदा कमी झाला. महाविद्यालयांची एक संघटनाही त्याच वर्षी उभी राहिली. खेळ वाचला. वाद मात्र मिटले नाहीत. १९२९ साली कार्नेगी प्रतिष्ठानच्या अहवालाने खेळाडूंना आडमार्गाने पैसे देण्याची रीत किती फोफावली होती ते उघड केले. नियम केल्याने माणसे साधू होत नाहीत, परंतु नियमांवाचून खेळ उरत नाही, एवढे यावरून दिसते.

झाडीपट्टीवर हा प्रसंग शंभर वर्षांनी आला, आणि तो अधिक कठीण होता. अमेरिकेत जखमी होणारा स्वतःच्या इच्छेने मैदानात उतरलेला तरुण होता. पटात जखमी होणाऱ्या बैलास कोणी विचारलेले नसते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्याच्या बाविसाव्या कलमाखाली अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या व सिंह यांच्या खेळांस बंदी होती. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने त्या यादीत बैलाचे नाव घातले. पुढील वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील बैलगाड्यांच्या शर्यतींवरील बंदी उचलून धरली, आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जलीकट्टू व बैलगाड्यांच्या शर्यती दोन्ही बेकायदा ठरवल्या. बैल हा ओझे ओढणारा प्राणी आहे, घोड्याप्रमाणे धावण्यासाठी त्याच्या शरीराची घडण नाही, आणि त्यास धाववण्यासाठी वेदना व भीती यांचाच आधार घ्यावा लागतो, असे न्यायालयाच्या विचाराचे सार होते. शेपूट पिरगाळणे, चाबूक, खिळे, काठ्या यांचे पुरावे न्यायालयापुढे आले. झाडाखालच्या गप्पांत ज्यास हुशारी म्हटले जात होते, तीच आता आरोपपत्रातील कलमे झाली.

त्यानंतरची काही वर्षे आशानिराशेची गेली. ७ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने अटी घालून शर्यतींस सूट दिली; पाचच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०१७ साली तमिळनाडूच्या पाठोपाठ महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शर्यतींस मनाई केली, आणि पुढे सारा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाकडे गेला. १६ डिसेंबर २०२१ रोजी नियम पाळण्याच्या अटीवर तात्पुरती परवानगी मिळाली. शेवटी १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

या मधल्या काळात झाडीपट्टीत काय झाले, हे जाणण्यासारखे आहे. पट हे या भागात केवळ शर्यतीचे निमित्त नाही. दिवसा पट आणि रात्री नाटक, अशी येथील जोडी. पटासाठी पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, आणि रात्री सारे गाव मांडवात बसते ते उजाडेपर्यंत. वडसा हे या नाट्यमंडळ्यांचे मुख्य ठाणे. ज्यांनी या रंगभूमीवर आयुष्य वेचले त्या कुरखेडा तालुक्यातील परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली, हा साऱ्या मुलुखाचा गौरव होता. पटावर बंदी आली तरी नाटक थांबले नाही. मंडईच्या निमित्ताने मांडव पडत राहिले. परंतु ज्या घटनेच्या आधाराने हा उत्सव उभा राहिला होता ती दिवसाची बाजू रिकामी झाली. शौकिनांनी पोसलेल्या जोड्यांपुढे प्रश्न उभा राहिला. नांगरणीचे काम ट्रॅक्टरने आधीच घेतले होते; पट गेला, तर वर्षभर दोन बैल दारी बांधून खुराक का घालावा? बैलाचा कैवार घेऊन पट थांबवणारे एका बाजूस होते, आणि पट गेला तर बैलच दारातून जाईल असे म्हणणारे दुसऱ्या बाजूस. दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश होता, आणि म्हणूनच हा तंटा सोपा नव्हता.

या तंट्याचा जो निकाल लागला त्याचे मर्म पुष्कळांच्या नजरेतून निसटते. पट परत आला, तो परंपरेच्या नावाने जसाच्या तसा परत आला नाही. तो नियमांच्या अंगरख्यात परत आला. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे शर्यतीस जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, अनामत हवी, पशुवैद्याची तपासणी हवी. धाव १,००० मीटरांहून लांब असता कामा नये. आणि धुरकऱ्याच्या हाती काठी, चाबूक वा विजेचा धक्का देणारे साधन असता कामा नये. नियम मोडणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घटनापीठानेही हे नियम काटेकोरपणे अमलात आणण्याची जबाबदारी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांवर टाकली. सारांश, ज्या तुतारीस एकेकाळी कसब म्हणत, ती हातातून खाली ठेवण्याच्या अटीवरच झाडीपट्टीस आपला पट परत मिळाला आहे.

येथे पुन्हा त्या झाडाखालच्या मंडळीकडे वळणे प्राप्त होते. जिल्हाधिकारी प्रत्येक पटास उभे राहू शकत नाहीत, आणि पोलिसाची नजर प्रत्येक धुरकऱ्याच्या मुठीवर राहू शकत नाही. शेतात धावपट्टीच्या दोन्ही बाजूंस जी माणसांची भिंत उभी असते, तिला मात्र सारे दिसते. कोणाच्या बोटांत खिळा लपला आहे, कोणी शेपटीस हात घातला, हे पंचाच्या आधी प्रेक्षकास कळते. आजवर या प्रेक्षकाचा न्याय पक्षाभिमानाचा होता : दुसऱ्याचा तो नियमभंग आणि आपली ती हुशारी. हा न्याय असाच चालू राहिला, तर २०१४ सालचा निकाल पुन्हा येण्यास अडचण नाही. कारण घटनापीठाने जे वैध ठरवले, ते वेदना कमी करणाऱ्या नियमांच्या विश्वासावर ठरवले आहे. तो विश्वास खोटा ठरला, तर त्यावर उभा असलेला पटही उभा राहणार नाही.

बदल अशक्य आहे असेही नाही. जुन्या पटांतही आवाजाने जोडी पळवणाऱ्या धुरकऱ्याचा मान वेगळाच असे. ज्याच्या हाळीसरशी बैल कान टवकारतात आणि छकडी जणू आपोआप निघते, त्याचे वर्णन करताना म्हातारे शौकीन आजही सुखावतात. धुरकऱ्याची निवड करताना धन्याने त्याचे हे कसब पाहिले, आणि घराण्याच्या जोडीकडून अपेक्षा ठेवताना गावाने न टोचता मिळवलेल्या विजयाचीच गणना केली, तर तिन्ही जुने वाद नव्या अर्थाने चालू राहतील. वाद बंद होणे हे पटाच्या हिताचे नाहीच. वाद नसलेला खेळ लोकांनी सोडून दिलेला असतो. प्रश्न एवढाच, की त्या वादात बैलाची बाजू कोण मांडणार.

हार्वर्ड आणि येल यांच्या चाहत्यांस १९०६ साली जे पटले ते हेच, की आपला खेळ आपल्यापासूनच वाचवावा लागतो. वैनगंगेच्या काठी धान कापून झाले, बांध्या सुकल्या, आणि पंचाने झेंडी उचलली, की त्याच प्रश्नाचे उत्तर दरवर्षी नव्याने द्यावे लागते. ते उत्तर न्यायालयात एकदा दिले गेले आहे. यापुढे ते धावपट्टीच्या दोन्ही बाजूंस उभ्या असलेल्या माणसांनी द्यावयाचे आहे.